ओहोटीला टेकलेली होडी

रेवसजवळच्या बोडणी बंदरात ओहोटीच्या वेळी उभं राहिलं, की खाडीचं पाणी पार हटलेलं असतं आणि मच्छीमारांच्या होड्या चिखलात कुशीवर टेकलेल्या दिसतात. त्यातल्या एखाद्या होडीच्या बुडाची फळी कुजलेली असते. तिच्या शेजारची होडी अगदी धडधाकट असते. काठावरून बघणाऱ्याला मात्र दोघी सारख्याच दिसतात, कारण दोघीही जागच्या हलत नाहीत. भरतीचं पाणी चढू लागलं, की धडधाकट होडी आपसूक उचलली जाते आणि कुजक्या होडीत पाणी शिरतं.

बँकांच्या संकटांविषयी गेली सव्वादोनशे वर्षं अर्थशास्त्रात जो विचार झाला, त्याचा गाभा या दृश्यात आहे. बँकेच्या खिडकीवर पैसे मिळेनासे होतात, तेव्हा त्यामागे दोनपैकी एक कारण असतं. एक तर बँकेने दिलेली कर्जं चांगली असतात, पण ती आजच्या आज वसूल होणारी नसतात आणि हाताशी रोकड कमी पडते. ही तरलतेची टंचाई. किंवा दिलेली कर्जं मुळात परत येणारीच नसतात. बँकेचं येणं तिच्या देण्यापेक्षा कमी झालेलं असतं. ही नादारी. आपल्याकडे तिला सरळ ‘दिवाळं’ म्हणतात. पेढी बुडाली की सराफ भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून हा शब्द आला, असं सांगतात. तो दिवा पाहून येणाऱ्याजाणाऱ्याला खरं काय ते कळे. आजच्या बँकेच्या दारात असा दिवा लागत नाही. मग टेकलेली होडी धडधाकट आहे की कुजकी, हे ओळखायचं कुणी? आणि ते ओळखलं जाईपर्यंत ज्याचा पैसा आत आहे, त्याने काय करायचं?

पेण, सप्टेंबर 2010

पेण हे गणेशमूर्तींचं गाव. गावातल्या कारखान्यांत आणि शेजारच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात वर्षभर मूर्ती घडतात, पण पैसा हंगामातच दिसतो. मूर्तिकार आधी माती, रंग, मजुरी यांसाठी उसनवारी करतो, श्रावण-भाद्रपदात माल जातो आणि मग वर्षाची कमाई हातात येते. ती कमाई ठेवायला जवळची, ओळखीची जागा लागते. पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक ही तशी जागा होती. तिथल्या काउंटरवरचा माणूस नावाने ओळखणारा होता. खारेपाटातल्या शेतकऱ्याने, निवृत्त शिक्षकाने, मासळी विकून चार पैसे गाठीला बांधणाऱ्या कोळणीने विश्वास ठेवावा, अशीच ही घरची बँक.

सप्टेंबर 2010 मध्ये, गणेशोत्सवाच्याच महिन्यात, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. सुमारे दोन लाख ठेवीदारांचा पैसा अडकला. पुढे तपासात शेकडो कोटी रुपयांची कर्जं बोगस खात्यांवर दाखवली गेल्याचं समोर आलं. ठेवीदारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, न्यायालयाच्या वाऱ्या केल्या. कुणाचं मुलीचं लग्न खोळंबलं, कुणाचं ऑपरेशन. पासबुकावर आकडा होता, पण तो हातात येत नव्हता.

निर्बंधांच्या पहिल्या दिवशी बँकेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला एकच कळत होतं, की पैसे मिळत नाहीत. थोडे दिवस कळ काढली तर गाडं रुळावर येईल, की आतून सगळं पोखरलेलं आहे, हे त्याने कशावरून ठरवायचं? ताळेबंद त्याच्या हातात नव्हता आणि असता तरी बोगस खातं कागदावर खऱ्या खात्यासारखंच दिसतं. ज्याच्याकडे सगळ्यात कमी माहिती होती, त्याच्यावरच सगळ्यात मोठा निर्णय येऊन पडला होता.

शंभर ठेवीदारांचं गणित

संकटाचा इतिहास समजून घेण्याआधी बँकेचं साधं गणित मांडू. एक छोटी बँक धरा. तिचे शंभर ठेवीदार आणि प्रत्येकाचे 1,000 रुपये. एकूण ठेव 1,00,000. बँक यातले 20,000 तिजोरीत ठेवते आणि 80,000 कर्जाऊ देते. एक मूर्तिकार मातीसाठी घेतो, एक नाखवा इंजिनासाठी, एक बागायतदार पोफळीच्या वाडीसाठी. मूर्तिकार भाद्रपदानंतर फेडेल, नाखवा दोन-तीन हंगामांत, बागायतदाराला तर काही वर्षं लागतील. ठेवीदाराला मात्र बँकेने शब्द दिलेला आहे, की येशील तेव्हा पैसे मिळतील.

एरवी यात काही अडत नाही. रोज चार जण काढतात, चार जण भरतात. कधी एकदम वीस जण आले तरी तिजोरीत तेवढी रोकड आहे. पण समजा अफवा उठली आणि साठ जण आले. वीस हजार वाटून झाल्यावर बँकेला कर्जं घाईने मोडावी लागतील. अर्धवट वाढलेली पोफळीची वाडी किंवा समुद्रावर गेलेली होडी आज विकायला काढली, तर निम्मी किंमतही मुश्किलीने येते. म्हणजे 80,000 चे 40,000 झाले. तिजोरीतले वीस आणि हे चाळीस मिळून 60,000. पहिल्या साठ जणांना पुरे पैसे मिळाले आणि उरलेल्या चाळीस जणांच्या हाती काहीच आलं नाही. आदल्या दिवशी बँक ठणठणीत होती. तिला कर्जांनी बुडवलं नाही, घाईने बुडवलं.

आता या शंभरांपैकी एकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बँक चांगली आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण बाकीचे धावणार, अशी शंका आली तर तुम्हीही धावलंच पाहिजे, कारण एकसष्टाव्या माणसाला काही मिळत नाही. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, पण इथे सुपातल्यांनाही आपली पाळी दिसत असते. बँकेच्या दारातल्या झुंबडीला आपण भेदरलेला जमाव म्हणतो. त्या झुंबडीतला एकेक माणूस मात्र स्वतःपुरता शहाणपणानेच वागत असतो. प्रत्येकाच्या शहाणपणातून सगळ्यांचं नुकसान होतं, आणि हा गुंता उपदेशाने सुटत नाही.

वेल्सच्या किनाऱ्यावरची अफवा

अर्थशास्त्राला हे उमगायला बराच काळ लागला. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा स्कॉटलंडमधली एअर बँक बुडून चारच वर्षं झाली होती. त्याचं उत्तर सावधगिरीचं होतं: बँकांनी खऱ्या व्यापाराच्या, लवकर वटणाऱ्या हुंड्यांवरच पैसा द्यावा, म्हणजे पैसा लवकर परत येत राहील. आपल्या उदाहरणात सांगायचं तर मूर्तिकाराला द्या, बागायतदाराला देऊ नका. पण मग पोफळीची वाडी उभी कशी राहायची? आणि सगळेच धावत आले, तर मूर्तिकाराची मूर्ती तरी भाद्रपदाआधी कोण विकत घेणार?

फेब्रुवारी 1797 मध्ये सुमारे 1,400 फ्रेंच सैनिक वेल्समधल्या फिशगार्डच्या किनाऱ्यावर उतरले. दोन-तीन दिवसांत ते शरणही आले. पण तोवर मोठं आक्रमण आल्याची हाकाटी देशभर झाली होती. लोक नोटा घेऊन सोनं मागायला निघाले आणि बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवावं लागलं. ते 1821 पर्यंत थांबलेलंच राहिलं. 1797 मध्येच फ्रान्सिस बेरिंग या पेढीवाल्याने बँक ऑफ इंग्लंड ही बाकीच्या बँकांचा शेवटचा आधार असल्याचं लिहून ठेवलं.

त्या विचाराला खरी बैठक दिली हेन्री थॉर्नटनने. तो स्वतः बँकर आणि खासदार होता, आणि गुलामगिरीविरोधी चळवळीत विल्बरफोर्सचा सोबती. 1802 मध्ये कागदी पतीवरच्या आपल्या पुस्तकात त्याने एक उलटी वाटणारी गोष्ट मांडली. घबराट पसरली की मोठी बँक साहजिकच हात आखडते, आपली रोकड जपते. थॉर्नटन म्हणाला, नेमकं हेच करू नये. सगळे रोकड दडवून बसलेले असताना मध्यवर्ती बँकेनेही दडवली, तर चांगले व्यापारीही बुडतील. तेव्हा तिने अधिक पैसा पुढे करावा. त्याला त्याने एक अटही जोडली: बेजबाबदारपणे वागून अडचणीत आलेल्या एकेकट्या बँकेला वाचवणं हे तिचं काम नाही. भरतीचं पाणी सगळ्या खाडीसाठी आणायचं, एका फुटक्या होडीसाठी नाही. पुढच्या दोनशे वर्षांचा वाद याच वाक्याभोवती फिरला.

मुंबई आणि लंडन, एकाच सुमाराला

या वादाची एक मोठी परीक्षा आपल्या समोरच्या किनाऱ्यावर झाली. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईच्या कापसावर धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला. कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. 1840 मध्ये स्थापन झालेली आणि सरकारचा भाग असलेली बँक ऑफ बॉम्बेही या पुरात उतरली. 1863 च्या कायद्याने तिच्यावरची बंधनं सैल झाली आणि ती कंपन्यांच्या भागांवर कर्जं देऊ लागली. प्रेमचंद रायचंद या सटोडिया व्यापाऱ्याचा शब्द तिथे चालत होता. राजाबाई टॉवर ज्याच्या देणगीतून उभा राहिला, तोच हा माणूस.

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. 1 जुलै 1865 हा वायद्याचे सौदे चुकते करायचा दिवस होता आणि त्या दिवशी चुकते करायला पैसा कुणाकडेच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेने तारण म्हणून ठेवलेले भाग कागदाच्या मोलाचे झाले. तिचं भांडवल जवळपास सगळं बुडालं, 1868 मध्ये ती मोडीत काढावी लागली आणि तिच्या जागी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. सरकारने सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. ही होडी कितीही भरती आली तरी तरली नसती. तिच्या फळ्याच कुजल्या होत्या.

त्याच सुमाराला, 10 मे 1866 रोजी, लंडनमध्ये ओव्हरएंड गर्नी ही प्रचंड पेढी बंद पडली. तिने बँक ऑफ इंग्लंडकडे मदत मागितली होती. बँकेने माणसं पाठवून तिच्या वह्या तपासल्या, आत काही उरलेलं नाही असं पाहिलं आणि नकार दिला. दुसऱ्या दिवसापासून लंडनमध्ये हाहाकार उडाला. तेव्हा मात्र त्याच बँकेने चांगलं तारण घेऊन येणाऱ्या बाकीच्या पेढ्यांना सढळ हाताने कर्जं दिली. व्याजदर दहा टक्क्यांवर नेला, पण खिडकी बंद केली नाही.

वॉल्टर बॅजटने हे जवळून पाहिलं. तो ‘द इकॉनॉमिस्ट’चा संपादक होता आणि बँकरच्या घरात वाढला होता. 1873 मध्ये ‘लोम्बार्ड स्ट्रीट’ या पुस्तकात त्याने त्यातून नियम काढला, आणि आजही जगातल्या मध्यवर्ती बँका तोच घोकतात: घबराटीत हात आखडू नका, मागेल त्याला द्या, पण चांगलं तारण घ्या आणि व्याज चढं लावा. चढ्या व्याजामुळे ज्याला खरी गरज नाही, तो रांगेत येत नाही. आणि तारण म्हणजे फळ्या तपासण्याची घाईतली रीत. ज्याची होडी धड आहे, त्याच्याकडे गहाण ठेवण्यासारखं काही ना काही असतं. पोखरलेल्या बँकेकडे दाखवायला फक्त वह्या असतात. मध्यवर्ती बँकेच्या या भूमिकेलाच पुढे ‘अंतिम ऋणदाता’ असं नाव पडलं.

रोह्याचे चिंतामणराव

भारतात मात्र असा शेवटचा ऋणदाता बराच काळ नव्हताच. स्वदेशीच्या लाटेत 1905 नंतर देशी बँका भराभर निघाल्या. जॉन मेनार्ड केन्स हा तरुण अर्थतज्ज्ञ लंडनच्या इंडिया ऑफिसात काही काळ नोकरीला होता. तो भारतात कधीच आला नाही, पण त्याने इथल्या बँकांचे आकडे नीट पाहिले होते. 1913 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चलनावरच्या पुस्तकात त्याने इशारा दिला, की या लहान बँकांच्या हाती रोकड फार तुटपुंजी आहे आणि वाईट दिवस आले तर त्या टिकणार नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बुडाली. पाठोपाठ मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली. ती चांदीच्या सट्ट्यात अडकली होती. 1913 ते 1917 या काळात ऐंशीहून अधिक बँका बंद पडल्या. त्यातल्या सगळ्याच कुजक्या नव्हत्या. पण पाणी आणणारं कुणी नसल्यामुळे कोणती कोणत्या प्रकारची होती, हे कळायची वेळच आली नाही.

रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 रोजी सुरू झाली. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर आपल्या रायगड जिल्ह्याचे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळच्या नाते गावातला, आणि घर रोह्याचं. 1943 ते 1949 अशी सहा वर्षं ते गव्हर्नर होते. त्या काळात फाळणी झाली, पंजाबातल्या बँकांचं कंबरडं मोडलं आणि बंगालमध्येही बँका अडचणीत आल्या. त्यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस, मार्च 1949 मध्ये, बँकिंगचा स्वतंत्र कायदा अमलात आला. बँकेला परवाना बंधनकारक झाला, रिझर्व्ह बँकेला वह्या तपासण्याचा अधिकार मिळाला आणि ठेवींच्या निदान 20 टक्के इतकी रक्कम रोकड, सोनं किंवा सरकारी रोख्यांत ठेवणं आवश्यक ठरलं. बॅजटचा विचार संकट आल्यावर काय करायचं याचा होता. या कायद्याचा रोख वेगळा होता: होडी पाण्यात उतरण्याआधीच तिच्या फळ्या बघायच्या. सहकारी बँका या कायद्याच्या कक्षेत 1966 मध्ये आल्या. चव्वेचाळीस वर्षांनी पेणच्या बँकेवर निर्बंध आले ते याच कायद्याखाली.

शंभर रुपयांमागे बारा पैसे

अमेरिकेत 1930 ते 1933 या काळात नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. अंतिम ऋणदाता म्हणून 1913 मध्ये स्थापन झालेली फेडरल रिझर्व्ह तिथे होती, पण तिने हात आखडता घेतला. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्‌झ यांनी 1963 मध्ये दाखवून दिलं, की त्यामुळे देशातला पैसा सुमारे एक तृतीयांशाने आटला आणि मंदीची महामंदी झाली. थॉर्नटनने 1802 मध्ये दिलेला इशारा धाब्यावर बसवल्याची ही किंमत होती.

अमेरिकेने 1933 मध्ये दुसरा उपाय काढला: ठेवीला विमा. बँक बुडाली तरी ठरावीक रकमेपर्यंत पैसे मिळणारच, अशी हमी असेल, तर धावायचं कशाला? आपल्याकडे 1960 मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा सरकारला जाग आली. 1 जानेवारी 1962 पासून भारतात ठेव विमा सुरू झाला. मर्यादा होती 1,500 रुपये. ती वाढत वाढत 1993 मध्ये 1 लाख झाली, पुढची सत्तावीस वर्षं तिथेच थांबली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 5 लाख झाली. त्याच वर्षी बँकांनी भरायचा हप्ता शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला 12 पैसे ठरला. तो ठेवीदाराने भरायचा नसतो, बँकेनेच भरायचा असतो.

हे बारा पैसे इतकं मोठं काम कसं करतात, हे 1983 मध्ये डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी गणिताने सिद्ध केलं. वर आपण मांडलेलं शंभर ठेवीदारांचं उदाहरण हे त्यांच्याच विचाराचं सोपं रूप आहे. अशा बँकेला दोन शेवट संभवतात, असं त्यांनी दाखवलं: कुणी धावत नाही आणि सगळ्यांचं भलं होतं, किंवा सगळे धावतात आणि बँक बुडते. यातला कोणता शेवट खरा होणार, हे बँकेच्या तब्येतीवर नाही, तर एकमेकांविषयीच्या अंदाजावर ठरतं. हमी असेल तर दुसऱ्याने धावण्याची भीतीच उरत नाही. त्यामुळे निव्वळ अफवेतून होणाऱ्या धावपळीत खरोखर पैसे देण्याची वेळही क्वचितच येते. या दोघांना आणि बँका बुडाल्या की उद्योगांची पतच कशी आटते हे दाखवणाऱ्या बेन बर्नान्के यांना 2022 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण याच विचाराच्या पोटात एक धोका दडलेला होता आणि अर्थतज्ज्ञांनी तोही सांगून ठेवला. ठेवीदार निर्धास्त झाला, की बँकेकडे बघणारा एक डोळा मिटतो. मग संचालकांनी ओळखीच्यांना कर्जं दिली, एकाच घराण्यात पैसा ओतला, तरी खिडकीवर गर्दी होत नाही. विम्याने रांग थांबते, पण कुजणारी फळी त्यामुळे बरी होत नाही.

पेणनंतर पनवेल

पेणच्या ठेवीदारांच्या वाट्याला तर विम्याचाही आधार वेळेवर आला नाही. तेव्हाच्या कायद्यात बँक अवसायनात निघाली किंवा दुसऱ्या बँकेत विलीन झाली तरच विम्याची रक्कम मिळण्याची सोय होती. बँक नुसती निर्बंधांखाली असली तर ठेवीदार अधांतरी लटकून राही. बँक चालूही नाही आणि बुडालीही नाही, अशा अवस्थेत वर्षं निघून जात. 2019 च्या सप्टेंबरात मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले. तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती. सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत अवघे 1,000 रुपये काढता येणार होते. तो आक्रोश देशभर ऐकू गेला. 2021 मध्ये कायदा बदलला: निर्बंध आले की 90 दिवसांच्या आत विम्याची रक्कम ठेवीदाराला मिळाली पाहिजे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पेणपासून तासाभरावरच्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. इथेही बोगस कर्जखात्यांचाच आरोप होता. फरक एवढाच, की या वेळी सुमारे 95 टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. पेणच्या ठेवीदाराने जे भोगलं, ते पनवेलच्या बहुतेकांना भोगावं लागलं नाही. अर्थशास्त्राचा विचार इथे खरोखर माणसांच्या उपयोगी पडला, हे मनापासून मान्य केलं पाहिजे.

आणि तरीही मला पनवेलचं दुःख अधिक वाटतं. एकाच जिल्ह्यात, अकरा वर्षांच्या आत, दुसरी बँक त्याच रोगाने गेली. थॉर्नटनपासून डायमंडपर्यंत ज्यांनी विचार केला, त्यांनी धडधाकट होडीला गाळातून उचलण्याची रीत शोधली आणि ती उत्तम चालते. पेण आणि पनवेल ही मात्र कुजक्या फळीची प्रकरणं होती. तिथे तरलता पुरवून काही भागलं नसतं. तिथे हवे होते ते ओव्हरएंड गर्नीच्या वह्या उघडून नकार देणाऱ्या माणसांसारखे तपासनीस, आणि तेही दहा वर्षं आधी. उशिरा घातलेल्या निर्बंधांनी पैसा वाचत नाही, फक्त कोंडला जातो.

आता तर वेळही कमी मिळते. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढले गेले. दारात रांग लागावी लागली नाही, लोकांनी फोनवरूनच पैसे हलवले. बॅजटच्या काळात निदान वह्या तपासण्यापुरता वेळ मिळे. आज होडी टेकल्याचं कळेपर्यंत खाडी रिकामी झालेली असते. म्हणजे तपासणी संकटाच्या दिवशी होऊ शकत नाही. ती आधीच झालेली असली पाहिजे.

ठेवीदाराच्या हातात काय आहे, हेही सांगायला हवं. 5 लाखांची मर्यादा एका बँकेतल्या एका माणसाच्या सगळ्या ठेवींना मिळून असते आणि तीत व्याजही धरलेलं असतं. त्याच बँकेच्या चार शाखांत पैसे वाटले तरी मर्यादा एकच राहते. वेगळ्या बँकेत ठेवले तर वेगळी मिळते. आणि गावोगावच्या पतसंस्था म्हणजे बँका नव्हेत. तिथल्या ठेवीला हा विमा लागू नाही, मग पाटी कितीही मोठी असो. रायगडच्या किनाऱ्यावर अनेकांची आयुष्याची पुंजी पतसंस्थेत असते. त्या प्रत्येकाला एवढी गोष्ट माहीत असली पाहिजे.

पण कर्जखाती खरी आहेत की खोटी, हे मूर्तिकाराने किंवा कोळणीने शोधावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. तो भार परवाना देणाऱ्यांनी आणि लेखापरीक्षकांनी उचलायचा. बोडणीचे कोळी हे काम कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. जूनच्या सुरुवातीला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. मग पाऊस सुरू असतानाच त्यांची डागडुजी निघते. बुडाखाली शिरून एकेक फळी ठोकून बघतात, आवाज बसका आला की ती काढून नवी घालतात, फटी बुजवतात, तेल चोपडतात. त्या वेळी होडीत मासळी नसते, समुद्रात वादळ असलं तरी किनाऱ्यावर घाई नसते आणि कुणाचा जीवही त्या फळीवर टांगलेला नसतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो तो त्यानंतर.